कोरड्या चेहऱ्याचा हवालदार

विनोदाच्या बाबतीत आपण मराठी माणसे दिवाळीतल्या पोरांसारखी आहोत. मोठा आवाज झाल्याखेरीज काही उडाले असे आपल्याला वाटतच नाही. नाटकगृहात हशा छताला भिडला पाहिजे, सिनेमात शेजारच्याने मांडीवर थाप मारली पाहिजे, आणि घरी येऊन तोच विनोद बायकोला सांगताना आपण तिच्या आधी हसलो पाहिजे. यात वाईट काहीच नाही. पण विनोदाची आणखी एक जात आहे. तिच्यात सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलत नाही, आणि ऐकणाऱ्याला दोन पावले पुढे गेल्यावर कळते की आपली टोपी उडाली. या जातीला मी कोरडा विनोद म्हणतो. कोरडा म्हणजे रूक्ष नव्हे. कोरडी भेळ जशी ओल्या भेळेपेक्षा कमी चविष्ट नसते, तसेच हे आहे.

आता या सदराच्या वाचकांना माझे केडगाव पाठ झाले असेल. पुणे-दौंड लोहमार्गावरचे स्टेशन, आजूबाजूला ऊस, उसामुळे गुऱ्हाळे, गुऱ्हाळांमुळे गुळाचा बाजार, आणि पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन. असल्या गावात कोरडा विनोद उसासारखाच उगवतो. फलाटावर धावत आलेला माणूस धापा टाकत विचारतो, "गाडी गेली का हो?" बाकावरचा म्हातारा तंबाखू मळता मळता सांगतो, "गेली. रूळ तेवढे ठेवून गेलीया." कुणी हसत नाही. विचारणारा बाकावर बसतो, म्हाताऱ्याकडून चिमूटभर तंबाखू घेतो, आणि दोघे मिळून पुढच्या गाडीची वाट पाहतात.

हा स्वभाव पडद्यावर मात्र क्वचितच भेटतो. तो मला सापडला थेट आयर्लंडात. पुण्याला असणाऱ्या माझ्या भाच्याने गेल्या खेपेला माझ्या टीव्हीत कसलीशी किल्ली फिरवून जगभरचे चित्रपट घरात आणून सोडले, आणि आपण निघून गेला. त्या अरण्यात एका संध्याकाळी भटकताना एक नाव दिसले, 'द गार्ड'. आगगाडीचा गार्ड असेल म्हणून मी उत्सुकतेने लावला. स्टेशनाच्या गावचा माणूस दुसरे काय समजणार! निघाला पोलीस. पण उठवेना. चित्रपट संपल्यावर पाणी पिऊन आलो आणि पहिल्यापासून पुन्हा लावला.

हा चित्रपट २०११ सालचा. लेखक-दिग्दर्शक जॉन मायकेल मॅकडोना, आणि दिग्दर्शक म्हणून हा त्याचा पहिलाच मोठा चित्रपट. त्याचा धाकटा भाऊ मार्टिन मॅकडोना हाही नाटककार आणि दिग्दर्शक. 'इन ब्रूज' हा त्याचा चित्रपट २००८ सालचा. दोघा भावांनी एकच नट वाटून घेतला आहे, ब्रेंडन ग्लीसन. हा गृहस्थ नटाचा पेशा पत्करण्यापूर्वी डब्लिनच्या एका शाळेत आयरिश आणि इंग्रजी शिकवत असे. ही माहिती कळल्यापासून माझा त्याच्यावर विशेष लोभ जडला. चेहरा न हलवता वर्गाला गप्प करणे आणि चेहरा न हलवता प्रेक्षागृहाला हसवणे, या दोन कला सख्ख्या बहिणी आहेत, हे कोणताही मास्तर सांगेल.

ग्लीसनने यात सार्जंट जेरी बॉयल रंगवला आहे. आयर्लंडच्या पोलिसदलाचे नाव 'गार्डा सियोखाना', म्हणजे शांततेचे रक्षक. त्यावरून तिथला साधा पोलीस म्हणजे 'गार्ड'. हे दल १९२२ साली नव्या स्वतंत्र राज्याबरोबर जन्मले, आणि त्याचे पहिले आयुक्त मायकेल स्टेन्स यांनी असा पायंडा घातला की हे दल शस्त्राच्या जोरावर नव्हे, तर नैतिक बळावर उभे राहील. आजही तिथल्या बहुसंख्य पोलिसांच्या कमरेला पिस्तूल नसते. आपल्या हवालदाराच्या हातात काठी, त्यांच्या हाती तसलेच काहीतरी. बॉयलची चौकी पश्चिम किनाऱ्यावर, गॉलवे परगण्यातल्या कॉनेमारा भागात. दगडी बांध, दलदलीची माळराने, करडा समुद्र आणि सदा भरून आलेले आभाळ. आपल्या चौकीवर साहेब क्वचित येतो, तसेच तिथेही.

एका घरात एक प्रेत सापडते. डब्लिनहून नुकताच बदलून आलेला मॅकब्राइड नावाचा तरुण शिपाई भिंतीवरच्या खुणा पाहून मोठमोठे तर्क लढवू लागतो. बॉयल त्याच्याकडे ज्या नजरेने पाहतो ती नजर मी शाळेत तीस वर्षे वापरली आहे. पुढे कळते की समुद्रामार्गे अब्जावधी रुपये किमतीची कोकेनची खेप येणार आहे, आणि तिच्या मागावर अमेरिकेच्या एफबीआयचा एक अधिकारी आला आहे. वेंडेल एव्हरेट त्याचे नाव. भूमिका डॉन चीडल या कृष्णवर्णीय नटाची. हा शिकलेला, टापटिपीचा, नियमाने चालणारा. त्याची आणि बॉयलची जोडी जमते, म्हणजे जमत नाही, आणि त्या न जमण्यातच सारी गंमत आहे.

एव्हरेट सगळ्या पोलिसांना बसवून खेपेची बाजारातली किंमत सांगतो. बॉयल शांतपणे विचारतो की ही किंमत नक्की कोणत्या गल्लीतली. वर्णावरून एक भलतेच विधान तो निरागस चेहऱ्याने करून टाकतो, आणि संतापलेल्या पाहुण्याला समजावतो की हा आमच्या आयरिश संस्कृतीचाच भाग आहे. तपास ऐन रंगात असताना बॉयल सांगतो की उद्या माझी सुट्टी आहे, आणि खरोखरच येत नाही! बिचारा एव्हरेट एकटा दारोदार फिरतो. हा भाग जुन्या आयरिश भाषेचा. घराघरातून माणसे त्याच्याशी फक्त आयरिशमध्ये बोलतात. इंग्रजी जणू गावीच नाही. आपल्या वाडीवर बाहेरचा साहेब जीपमधून उतरला की पारावरच्या साऱ्या म्हाताऱ्यांना एकदम ऐकू येईनासे होते, त्याची मला आठवण झाली.

तिकडे चोरही असेतसे नाहीत. तिघे तस्कर मोटारीतून जाताना नीत्शे आणि बर्ट्रांड रसेल यांच्यावर वाद घालतात. त्यांतल्या एकाला आपल्या धंद्यातल्या माणसांच्या दर्जाचा वीट आलेला आहे. पोलिसांना लाच देतानाही, इतकी स्वस्तात विकली जाणारी माणसे पाहून त्याला मनापासून वाईट वाटते. आणि बॉयल? तो सत्पुरुष मुळीच नव्हे. पिणारा, बाहेरख्याली, जप्तीच्या मालातले थोडे स्वतःकडे ठेवणारा. पण मरणाला टेकलेल्या आईला तो भेटायला जातो तेव्हा दोघे ज्या थंडपणाने एकमेकांची चेष्टा करतात, तिच्यात इतकी माया आहे की दहा आक्रोशांत नसेल. हा विनोद तो आईच्या दुधाबरोबर प्यालेला आहे.

सावधगिरीची एक सूचना. भाषा रांगडी आहे, शिव्या मुबलक आहेत. हा चित्रपट पोराबाळांत बसून पाहण्याचा नाही.

आयर्लंड आपल्याला परके वाटण्याचे खरे तर कारण नाही. लोकमान्यांनी १९१६ साली 'होमरूल'ची चळवळ उभी केली ती तिथलाच शब्द उचलून. पण त्याआधीची, फारशी कुणाला ठाऊक नसलेली सोयरीक आहे ती पोलिसांची. १८४३ साली सर चार्ल्स नेपियरने सिंध जिंकला, आणि तिथे फौजेपासून वेगळे, स्वतःच्या अधिकाऱ्यांखालचे पोलिसदल उभारले ते आयर्लंडमधल्या दलाचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून. सिंध पुढे मुंबई इलाख्यात आला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी हा प्रयोग पाहिला, तो त्यांना पसंत पडला, आणि १८५३ साली मुंबई इलाख्यातही पोलीस त्याच धर्तीवर आणले गेले. १८६१ सालचा हिंदुस्थानचा पोलीस कायदाही याच वळणावर गेला. म्हणजे सरकारी वंशवृक्ष काढला तर कॉनेमारातला बॉयल आणि यवत ठाण्याच्या हद्दीतला आमच्या चौकीवरचा हवालदार हे चुलत घराण्यातले निघतील. आयर्लंडने आपले जुने दल १९२२ साली मोडले आणि काठीवर भागवायचे ठरवले. आपण साहेब बदलले, दल तेच ठेवले.

दलापेक्षा 'हवालदार' हा शब्द मात्र पुष्कळ जुना. शिवाजीमहाराजांच्या काळी गडावर तीन मोठे अधिकारी असत, हवालदार, सरनोबत आणि सबनीस. किल्ल्याच्या किल्ल्या हवालदाराच्या ताब्यात. तो सांगेल तेव्हा दरवाजा बंद होणार आणि तो सांगेल तेव्हा उघडणार. अशा मानाच्या शब्दाची घसरण होत होत तो तमाशाच्या फडात येऊन पोचला. तिथे हवालदार म्हणजे फजितीचे गाठोडे. १९६५ साली 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य रंगभूमीवर आले, त्यात दादा कोंडके हवालदार झाले आणि महाराष्ट्र लोळला. लिहिणाऱ्याचे नाव वसंत सबनीस! गडावरच्या सबनीसाने गडावरच्या हवालदाराचा तीनशे वर्षांनी असा समाचार घेतला, असे मी वर्गात सांगत असे.

पुढे १९७५ साली दादांनी स्वतः दिग्दर्शित केलेला 'पांडू हवालदार' आला. दोन पोलिसांच्या जोडीचा विनोदी चित्रपट म्हणून आज इंग्रजीत जो प्रकार ओळखला जातो, तो मराठीत तेव्हाच येऊन गेला, आणि त्याला कुणी असले भारदस्त नाव दिले नाही. भोळसट चेहऱ्याचा पांडू म्हणजे दादा, आणि इरसाल सखाराम म्हणजे अशोक सराफ. अशोक सराफ हे नाव घरोघरी गेले ते याच चित्रपटापासून. पुढे त्यांना महाराष्ट्रभूषण आणि २०२५ साली पद्मश्री मिळाली, त्या वाटेवरचा हा पहिला मोठा मुक्काम. उषा चव्हाण पारू केळेवाली होत्या. संगीत राम-लक्ष्मण या जोडीचे, आणि हे नाव त्यांना दिले तेही दादांनीच. चित्रपट असा चालला की पोलीसमामाला पाठीमागून 'पांडू' म्हणणारे अजून सापडतात. २०२१ साली विजू माने यांनी भाऊ कदम आणि कुशल बद्रिके यांना घेऊन 'पांडू' केला, तो दादांच्या आठवणीतच.

या दोन जोड्या शेजारीशेजारी ठेवल्या की कोरड्या आणि ओल्या विनोदातला फरक लख्ख दिसतो. दादांचा पांडू प्रेक्षकाला डोळा मारतो. मी बोललो त्याचा दुसरा अर्थ तुम्हाला कळला ना, असे तो विचारतो आणि आपण हो म्हणून हसतो. तो आपल्या बाजूला येऊन बसतो. बॉयल कुणाच्याच बाजूला येऊन बसत नाही. आपण हसतो आहोत याची त्याला दखलच नाही. जोडीची रीतही निराळी. पांडू-सखाराम एकाच मातीचे. चिमणराव-गुंड्याभाऊ जसे एका घरचे. बॉयल-एव्हरेट यांच्यामध्ये एक अख्खा महासागर आहे, आणि तो ओलांडण्याची दोघांनाही घाई नाही. आणि ज्यांना हवालदारावर हसणे पसंत नसे, त्यांच्यासाठी आपण १९८३ साली 'अर्धसत्य' केला. श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही मराठी कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानी यांचे दिग्दर्शन. त्यातला ओम पुरींचा फौजदार वेलणकर आतल्या आत धुमसत राहतो. म्हणजे आपल्याकडे पोलीस एक तर हसण्याचा विषय झाला, नाही तर घुसमटण्याचा. हसणारी पिटातली माणसे निराळी आणि घुसमटणारा एकटा निराळा. जो स्वतःच विनोदाचा मालक आहे आणि ज्याची घुसमटही त्या विनोदाच्या आत मुकाट बसलेली आहे, असा पोलीस मला बॉयलपूर्वी पडद्यावर भेटला नव्हता.

मात्र पडद्याबाहेर असा एक पोलीस माझ्या शेजारीच राहतो, आणि हा लेख खरा त्याच्यामुळे लिहितो आहे.

गावात त्यांना जमादार म्हणतात, मी आबा म्हणतो. १९७४ साली शिपाई म्हणून लागले, अडतीस वर्षे नोकरी करून सहायक फौजदार होऊन घरी आले. उंच, वाळलेले, बोलायला महाग. त्यांच्या घरात वर्षभर एक अबोला चालू होता. नात पोलीसभरतीची तयारी करत होती. आमच्या भागात हे नवे नाही. दौंडला राज्य राखीव दलाचे दोन गट आहेत, आणि पहाटे कालव्याच्या भरावावर पळणारी पोरेपोरी हे इकडचे रोजचे दृश्य. मुलींना आठशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक. पहिल्या खेपेला ती पोरगी थोडक्यात राहिली. पुन्हा पळू लागली. आबा आड आले नाहीत. पण एक शब्द बोलले नाहीत. पोरीला त्या गप्प बसण्याचाच जास्त त्रास होई. "नको म्हणाले असते तर भांडले तरी असते, सर," असे ती मला एकदा म्हणाली.

कारण मला ठाऊक होते. एकदा फलाटावर बसलो असताना आबांनी ते सांगितले होते, नेहमीप्रमाणे दुसरीकडे बघत. नोकरीला दोन वर्षे होत होती. एका जत्रेत तंबू-थिएटर आले होते, आणि त्यात 'पांडू हवालदार' लागला होता. बंदोबस्ताला आबा. पाच रात्री, रोज दोन खेळ. "कनातीच्या बाहेर उभा. आत माणूस फुटंस्तवर हसतंय. मी काही पिच्चर बघितला न्हाई, गुरुजी. पण कुठं कुठं हसतात ते पाठ झालं. खेळ सुटला की बाहेर येणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडं बघायचा आणि मग हसायचा. दादा कोंडक्यांचा काय दोष? माणूस गुणी. पण टोपी माझी होती." तो चित्रपट त्यांनी आजतागायत पाहिलेला नाही. पुढे चौफुल्याच्या थिएटरांवर बंदोबस्त लागला तरी वगात हवालदार आला की हे बाहेर येऊन उभे राहत.

'द गार्ड' दुसऱ्यांदा पाहून झाल्यावर मला राहवेना. मी आबांना बोलावले. पोलिसाचा चित्रपट म्हटल्यावर ते उठून जाणार हे जाणून मी म्हणालो, "आयर्लंडचा समुद्र बघायला या." ते आले. खाली इंग्रजी अक्षरे येत होती, ती मी मराठीत सांगत होतो. शिव्या गाळत होतो. दहा मिनिटांनी आबा म्हणाले, "गुरुजी, त्याचं तोंड जास्त हलतंय. तुम्ही कमी सांगताय." त्यानंतर मी काही गाळले नाही.

पहिली अर्धी घटका ते पुतळ्यासारखे बसले होते. सुट्टीच्या प्रसंगाला ते पुढे सरकले. "अर्ज दिलता का त्यानं?" असे त्यांनी गंभीरपणे विचारले. दारोदार फिरणाऱ्या अमेरिकन साहेबाला लोक दाद देईनात, तेव्हा म्हणाले, "ह्याच्याबरोबर इथला एक शिपाई द्यायला पायजे होता. साहेब चुकला." नात चहा घेऊन आली होती ती दारातच उभी राहिली. तिला बस म्हणायचे मलाही सुचले नाही, आणि आबांनी जा म्हटले नाही.

मग तो प्रसंग आला. नवा शिपाई मॅकब्राइड रात्री एक मोटार अडवतो. कागद मागतो. मोटारीत तेच तस्कर असतात. नियमाप्रमाणे वागणाऱ्या त्या पोराला ते गोळी घालतात. चित्रपट इथे एक क्षणही रडत नाही. नंतर त्याची बायको बॉयलला गाठते, नवरा घरी आला नाही म्हणते. परदेशातून आलेली, त्या गावात एकटीच बाई.

आबांनी हाताने थांबवा अशी खूण केली. मी चित्र थांबवले. ते म्हणाले, "आमच्यात एक होता. महामार्गावर ट्रक अडवायला उभा केलता. ट्रक थांबला न्हाई. घरी सांगायला मला पाठवलं. दारात गेलो तर त्याची आई म्हणाली, बसा, तो येईलच इतक्यात." थोडा वेळ गेला. "मी बसलो, गुरुजी. चहा घेतला. काय करणार?" मग त्यांनी बोटाने पुढे चालू करा अशी खूण केली.

नात दारात तशीच उभी होती. हे तिने कधी ऐकले नव्हते. वर्षभराच्या अबोल्यात काय होते ते तिला त्या दोन मिनिटांत कळले असावे.

चित्रपटाचा उत्तरार्ध मी त्रोटकच सांगतो. वरचे सारे पैशाने बांधलेले. सगळा पोलीसफाटा खोट्या बातमीवर भलतीकडे धाडलेला. बॉयललाही आधी धमकी, मग पैसा देऊन पाहिला जातो. तो नाही म्हणतो, तेही भाषण न करता, जेवण झाल्यावर आणखी वाढू का विचारणाऱ्याला नको म्हणावे तसे. खेप बंदराला लागते त्या रात्री तिथे जायला उरतात ते दोघेच. निघण्यापूर्वी बॉयल आपला समारंभाचा गणवेश अंगावर चढवतो. इतका वेळ शर्टाची बटणे न लावणारा माणूस त्या रात्री कडक इस्त्रीत उभा राहतो. आबा इथे ताठ बसले.

शेवटी बोट पेटते, आणि बॉयल त्यातून वाचला की नाही हे चित्रपट सांगत नाही. बॉयलने एव्हरेटला मागे एकदा थाप मारलेली असते, निदान आपल्याला ती थाप वाटते, की १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये पोहण्याच्या शर्यतीत आपला चौथा नंबर आला होता. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर ती गोष्ट पुन्हा निघते. एव्हरेट समुद्राकडे बघतो आणि हळूच हसतो. संपले.

नातीने विचारले, "आबा, मेला का हो तो?"

आबा चप्पल शोधत होते. म्हणाले, "चौथा आलता म्हणतोय ना पोहण्यात. पहिला आलता म्हणाला असता तर थाप म्हणलो असतो."

गेल्या अनेक वर्षांत आबांच्या तोंडून मी ऐकलेले हे सर्वांत लांब टीकात्मक विवेचन, आणि सर्वांत अचूकही. खोटे बोलणारा माणूस चौथा नंबर कशाला सांगेल?

दारापाशी जाऊन ते थांबले. नातीकडे न पाहता म्हणाले, "सकाळी किती वाजता जातीस पळायला?"

"पाचला."

"आठशे मीटरला टाइम कोण धरतंय?"

"मोबाईल धरतो."

"मोबाईल पगार घेत न्हाई, त्यामुळं त्याला काळजी नसती. मी येतो."

त्या दिवसापासून कालव्याच्या भरावावर एक मफलर गुंडाळलेली उंच आकृती पहाटे घड्याळ घेऊन उभी असते. नात म्हणते, आबा वेळ कमी सांगत नाहीत आणि जास्तही सांगत नाहीत. नुसता आकडा सांगतात आणि पुन्हा म्हणतात. पुढच्या भरतीत काय होईल ते होईल.

मी मनाशी विचार करतो की या परक्या चित्रपटाने असे काय केले जे मला, तिला, कुणालाच वर्षभरात साधले नव्हते. मला वाटते, आबांना आयुष्यात पहिल्यांदाच टोपीवर हसणारे नव्हे, तर टोपीतून हसणारे कुणीतरी दिसले. त्या माणसाला वरच्यांची लबाडी दिसत होती, खालच्यांची हतबलता दिसत होती, आणि ओरडून काही होणार नाही हेही ठाऊक होते. अशा माणसाजवळ दोनच गोष्टी उरतात. एक, चेहरा न हलवता एखादे वाक्य बोलणे. दुसरी, वेळ आली की गणवेश चढवून जाणे. आबांनी पहिली अडतीस वर्षे केली. दुसरी किती वेळा केली ते ते सांगणार नाहीत. आणि नात ज्या नोकरीत जाऊ बघते तिच्यात नुसती फजिती नाही हे त्यांना ठाऊक होतेच. पण ते कुणी तरी, सात समुद्रापलीकडून का होईना, मोठ्याने न बोलता मान्य करायला हवे होते.

एवढे सांगून झाल्यावर दादांवर अन्याय नको. ओल्या विनोदाने गिरणीतल्या, शेतातल्या, दिवसभर राबलेल्या माणसाला पोटभर हसवले, आणि साहेबी माजाची टोपीही पुष्कळदा उडवली. मी आबांना सुचवून पाहिले की आता एकदा 'पांडू हवालदार' आतून बघू या. ते म्हणाले, "बघू. कुठं हसायचं ते मला ठाऊक आहेच."

वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत सवड काढून 'द गार्ड' पाहा. आणि जोडीला 'पांडू हवालदार'ही. अट एकच. या चार दिवसांत तुमच्या नाक्यावर जो पोलीस रात्रपाळीला उभा असेल, त्याला सुट्टी नाही हे ध्यानात ठेवून एक फराळाची बशी नेऊन द्या. आबांचा सल्ला आहे की चकली द्यावी, लाडू देऊ नये. लाडू तोंडात असताना शिट्टी वाजत नाही.